मिस्त्रींचा मुआयना

आमच्या परतुरात एका लग्नाचा मुहूर्त टळला, तो लिंबाजी मिस्त्रींमुळे. नवरदेव घोड्यावर चढायला निघाला होता, वाजंत्री सुरू झाली होती, आणि इतक्यात गर्दीतून मिस्त्री पुढे आले. त्यांनी नवरदेवाच्या छातीला हात लावून त्याला थांबवलं आणि स्वतः वाकून घोड्याच्या पोटाखाली शिरले. वरमाय किंचाळली. घोडेवाला "अहो, लाथ मारंल, लाथ मारंल" म्हणून नाचायला लागला. मिस्त्री आतूनच म्हणाले, "मारू द्या. मुआयना झाल्याबिगर बसायचं न्हाई." खोगिराचा पट्टा त्यांनी बोटांनी दाबत दाबत पाहिला, एका ठिकाणी जरा ओढला, तर तो सरळ तुटून त्यांच्या हातात आला. दुसरा पट्टा गावभर शोधण्यात पाऊण तास गेला. मुहूर्त टळला, नवरदेव वाचला, आणि मिस्त्रींना 'जेवायला चला' म्हणायचं मात्र सगळे विसरले.

मुआयना म्हणजे तपासणी. निजामाच्या काळात वरचा साहेब दौऱ्यावर आला की कचेरीचा मुआयना करी आणि आठ दिवस आधीपासून सगळ्यांची पाचावर धारण बसे. पुढं राज्य गेलं, कचेऱ्यांतली उर्दू गेली, माझ्यासारखे मराठी शिकवणारे मास्तर जालन्याहून इकडं आले. मुआयना हा शब्द मात्र लिंबाजी मिस्त्रींनी आपल्या तोंडी कायमचा ठेवून घेतला.

मिस्त्री कापसाच्या जिनात फिटर होते. उंच, जरासे वाकलेले, चाळिशीच्या आतबाहेरचे, डोक्यावर तेलकट टोपी. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही, असं विचारलं तर "टाइम मिळाला न्हाई" म्हणत. त्यांच्या शेजारची खोली मी भाड्यानं घेतली त्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं. मी खुर्चीवर टेकणार तोच त्यांनी ती माझ्या खालून ओढली, उलटी केली, चारही पाय पिळून पाहिले, स्वतः बसले, दोनदा उसळले, उठले. "हां. आता बसा, मास्तर." मग कप उजेडात धरून तडा आहे का पाहिला. तोवर चहाचं सरबत झालं होतं.

त्यांच्या घरात एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. माणूस एकटा, पण सगळं जोडीनं. दोन पाट, दोन पितळ्या, दोन घोंगड्या. एक पितळी जेवून जेवून पांढरी पडलेली आणि दुसरी कोरी, रोज घासून चुलीजवळ उपडी ठेवलेली. पाहुण्यासाठी असेल म्हणावं, तर मला वाढलं ते पत्रावळीवर.

बाजाराच्या दिवशी तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. गावाबाहेर बैलगाड्या सुटल्या की मिस्त्री एका टोकापासून सुरुवात करत. चाक आसातून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला लोखंडी खीळ असते ना, ती प्रत्येक गाडीची हलवून बघत. ढिली असली तर गाडीवानाला भर बाजारात झापत, आणि खिशातून नवी खीळ काढून ठोकून देत. त्यांच्या खिशात नेहमी चार-सहा खिळी खुळखुळत. गाडीवान लांबून ओरडत, "आले, आले, मुआयनेवाले आले!" काही टवाळ तर मुद्दाम विचारत, "मिस्त्री, बैलांची शेपटं घट हायेत का बघता?" मिस्त्री चिडत नसत. फक्त एकच विचारत, "खीळ पाह्यली का?" मीही त्या हसणाऱ्यांत असायचो, हे आधीच सांगून टाकतो.

तर अशा माणसानं फटफटी घेतली.

लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, पण लष्करानं मोडीत काढलेल्या फटफट्या अजून या ठेकेदाराकडून त्या ठेकेदाराकडं फिरत होत्या. त्यातली एक जालन्याला कुणाच्या तरी वखारीत होती. मिस्त्री तीन वेळा जाऊन तिला पाहून आले. लग्नाची मुलगीसुद्धा कुणी एवढ्यांदा पाहत नाही. शेवटी ती मालगाडीनं परतुरात आली आणि फलाटावर उतरली. रंग मातीसारखा, चाकं जाडजूड, अंगापिंडानं म्हशीएवढी. स्टेशनमास्तर रजिस्टर घेऊन आले, "माल सुस्थितीत मिळाला, इथं सही करा."

"सुस्थितीत हाय का न्हाई ते पाह्यल्याबिगर कशी करू?"

"किती वेळ लागेल?"

"बघू मंग," म्हणून मिस्त्रींनी फलाटावरच बैठक मारली. थैलीतून नट फिरवायचे पाने काढले. सकाळची पॅसेंजर आली आणि गेली, उतारूंनी खिडक्यांतून माना काढून पाहिलं, कुणी तरी "ही गाडी कुठं जाते?" असंही विचारलं. तीन तासांनी मिस्त्रींनी सही केली आणि सहीखाली फटफटीच्या अकरा खोडी उर्दूत लिहिल्या. स्टेशनमास्तर नवे, दूरच्या मुलखातले. त्यांना उर्दू येत नव्हती. ते आभार मानलेत असं समजले आणि त्यांनी मिस्त्रींशी हात मिळवला.

ढकलत ढकलत फटफटी अंगणात आणली आणि दुसऱ्या दिवशी ती नाहीशी झाली. म्हणजे अंगणभर पसरली. मिस्त्रींनी तिचा तुकडा न् तुकडा सोडवून एका पांढऱ्याशुभ्र कापडावर मांडला होता. कापड ओळखीचं वाटलं म्हणून जवळ जाऊन पाहिलं, तर ते माझं दोरीवर वाळत घातलेलं धोतर! मी तडकलोच. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "मास्तर, काळ्या कापडावर बारीक स्क्रू दिसत न्हाई. तुमचं बिलकुल बराबर हाय." ते धोतर मला परत मिळालं ते तेलाचा नकाशा होऊनच. चार महिने फटफटी अशी अंगणात आडवी होती. रोज जिनातून आले की मिस्त्री एकेक भाग हातात घेत, रॉकेलनं धूत, कानाशी नेऊन वाजवून बघत, आणि पटला तर उजवीकडं, न पटला तर डावीकडं ठेवत. डावीकडचे सगळे त्यांनी जिनातल्या भट्टीवर आणि कानशीवर नव्यानं घडवले.

भादव्यात एकदाची ती सुरू झाली. आवाज असा, की माझ्या खोलीतल्या फळीवरची बरणी खाली आली. मिस्त्री गावाबाहेर तीर्थपुरीच्या गाडीवाटेला निघाले, मागोमाग निम्मा गाव. जेमतेम चारशे पावलं गेली आणि थांबली. आमची काळी माती पावसात काय चीज होते, ते लष्कराला ठाऊक नसावं. चाकाला लागलेला चिखल मडगार्डाखाली जाऊन असा ठासून बसला, की चाक जागचं हलेना. शेवटी एका शेतकऱ्यानं बैलजोडी लावून ती ओढत घरी आणली. लोक हसून हसून लोळले. मिस्त्री मात्र खूश! "कळली खोड. बाराव्वी खोड हाय ही." आठवड्याच्या आत त्यांनी मडगार्ड चार बोटं वर उचललं. आता चिखल वळचणीला साचेना, भरभर मागं उडायला लागला, आणि मागं बघायला उभा राहणारा प्राणी मी असल्यानं माझं दुसरं धोतरही गेलं. मग ओढ्यात सायलेन्सरमध्ये पाणी शिरून ती बंद पडली, तेव्हा त्यांनी सायलेन्सर वळवून पार बसायच्या उंचीवर नेला. हँडल रुंद केलं. पेट्रोलच्या टाकीवर झाकणाला साखळी लावली. आणि चाकाच्या आसाला एका नटावर दुसरा नट बसवून त्यातून आरपार भोक पाडलं आणि त्यात एक खीळ घातली. "नट असताना खीळ कशाला?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुन्हा विचारलं नाही.

इथवर ठीक होतं. मग त्यांनी मागचं आसन करायला घेतलं आणि माझे हाल सुरू झाले.

हे आसन आडवं बसण्याचं होतं. पाठीला टेकायला खुर्चीची पाठ कापून लावलेली, धरायला दांडी, पाय ठेवायला चक्क पाट. खाली जिनातल्या मोडक्या यंत्राच्या स्प्रिंगा. गादीत भरायला त्यांनी पहिल्या वेचणीचा कापूस हातानं पिंजला. गादी शिवून झाली, त्यावर स्वतः बसले, डोळे मिटले आणि एकदम उठले. "सरकी राह्यली एक."

"एक सरकी? एवढ्या गादीत?"

"टोचून राह्यली ना." त्यांनी अख्खी गादी उसवली. तासाभरानं खरोखरच एक सरकी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मला जिनात बोलावलं आणि काही कळायच्या आत कापसाच्या काट्यावर बसवलं. समोरच्या पारड्यात वजनं टाकली आणि त्यांचा चेहरा उजळला. "सव्वा मण! मास्तर, तुम्ही बिलकुल सव्वा मणाचे हायेत. असाच माणूस पाह्यजे होता." माझ्या अंगयष्टीचं कौतुक करणारा माणूस मला जन्मात पहिल्यांदाच भेटला. तेव्हा हुरळून गेलो, ही माझी चूक. त्या दिवसापासून दर रविवारी मी त्या आसनावर आडवा, बायकांसारखे पाय एका बाजूला सोडून, एका हातात दांडी आणि दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या धरून बसू लागलो. मिस्त्री फटफटी गाडीवाटेच्या चाकोरीतून चालवणार, परत येणार, उतरून आधी तांब्यात बघणार.

"किती सांडलं?"

"अर्धा तांब्या."

"सांडलं कुठं?"

"माझ्यावर, आणखी कुठं!"

मग स्प्रिंग बदलायची. गादी फुगवायची. चाकातली हवा कमी करायची. पुन्हा तांब्या. "एक थेंब सांडला न्हाई पाह्यजे," हा त्यांचा हट्ट. सोमवारी वर्गात पोरं माझ्या धोतराकडं बघून खाली माना घालून हसत. दिवाळीत मी आईच्या हातचे अनारसे खाऊन चार शेर वाढून आलो, तर मिस्त्री दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. "तुमच्या वजनावर सगळा हिशोब बसवून राह्यलो मी, अन् तुम्ही खुशाल खाऊन आले!"

गावाला डोळे असतात. आडवं बसायचं आसन म्हणजे बाईमाणसाचं, हे न कळायला परतूर काही दूधखुळं नव्हतं. मिस्त्री लग्न करणार, अशी हाकाटी झाली. आणि एके दिवशी तीर्थपुरीहून एक सद्गृहस्थ जरीचा रुमाल बांधून मुलीचं स्थळ घेऊनच आले. मिस्त्रींनी रीतीप्रमाणे त्यांच्याखालची खुर्ची ओढून तपासली. ते थोडे दचकले, पण बसले. इकडतिकडचं झाल्यावर त्यांनी अंगणात नजर टाकून हळूच विचारलं, "मागची गादी झकास केली तुम्ही. बाईमाणसासाठी दिसती?"

"हां. बाईमाणसासाठीच."

"मंग माणूस ठरलं का ठरायचं हाय?"

"ठरल्यालंच हाय," मिस्त्री म्हणाले आणि लाजल्यासारखे खाली बघू लागले.

पाहुणे चहा न पिता उठले. दुपारपर्यंत साऱ्या बाजारात झालं, की मिस्त्रींची कुठं तरी कोणी तरी आहे. एवढ्यावर भागतं तर बरं. पण फटफटीवर दर रविवारी मी दिसतो, तेव्हा मला सगळं माहीत असणार, असं धरून लोक मला आडोशाला घेऊ लागले. शाळेत हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "गुरुजी, शिक्षकानं असल्या भानगडीत पडू नये." माझं टाळकं सणकलं. तडक मिस्त्रींकडं गेलो.

"मिस्त्री, ही कोण बाई आहे ते आज मला कळलं पाहिजे. दीड वर्ष मी तांब्या धरून बसतोय!"

मिस्त्री फडक्यानं हँडल पुसत राहिले. मग म्हणाले, "अक्का. माझी मोठी बहीण. गावाकडं असती, चार कोसावर. माय लहानपणी गेली, तिनंच वाढवलं मला. तिला इथं आणायचं हाय."

मी चाटच पडलो. "मग आणायची ना! बैलगाडीनं का नाही आणत?"

"गाडीत बसत न्हाई ती. चाकावरच बसत न्हाई."

"आणि हिच्यावर बसणार?"

"पाणी सांडायचं थांबलं की इचारणार होतो."

आता पाणी चूळभरच सांडत होतं. पण चूळभर म्हणजे थेंब नव्हे. हा माणूस आणखी दहा वर्षं तपासत बसणार, हे मला दिसू लागलं. मी आवाज चढवला, "ते काही नाही. येत्या रविवारी जायचं. तुम्ही नाही नेलीत फटफटी, तर मी दुसरा सव्वा मण शोधायला सांगतो!" ही धमकी लागू पडली.

माघातला रविवार होता. सकाळी मी नेहमीसारखा आडवा बसलो, तांब्यासकट, आणि आम्ही त्यांच्या गावी पोचलो. वाटेत तीन बैलगाड्या भेटल्या. बैल बुजू नयेत म्हणून मिस्त्री दरवेळी लांबच फटफटी बंद करत, चालत पुढं जात, गाडीच्या दोन्ही खिळी हलवून बघत आणि मगच वाट देत.

गोदाक्का ओट्यावर बसल्या होत्या. पिकलेले केस, कपाळ मोकळं, हातात काठी, नजर अशी, की मी नकळत धोतर सावरलं. उठून दोन पावलं पुढं आल्या, तेव्हा दिसलं, की त्यांची कंबर पूर्ण तिरकी होती. पाऊल टाकताना सगळं अंग एका बाजूला झुकत होतं.

"हे काय आणलंस रे, म्हशीगत?"

"फटफटी हाय, अक्का. तुला न्यायला."

अक्कांनी काठीनं पुढच्या चाकावर दोन टोले हाणले, मग मागच्या. पाटावर काठी आपटली. गादी दाबली. मुआयना कुठून आला असेल, ते मला तिथं कळलं. "ह्याला खीळ कुठंय?"

मिस्त्री चटकन खाली बसले आणि आसाचे दोन नट, त्यातली खीळ दाखवू लागले. दाखवता दाखवता त्यांनी ती हलवून पाहिली. मग दुसऱ्या बाजूची पाहिली. मग परत पहिल्या बाजूला आले. अक्का पाहत होत्या. त्या माझ्याकडं वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता हा संध्याकाळपतोर उठत न्हाई. बसा, मास्तर."

आणि त्यांनी मला सांगितलं. रझाकारांच्या दंगलीत गाव खाली झालं, तेव्हा ही दोघं भावंडंही वऱ्हाडच्या हद्दीकडं निघाली होती. "गाडी यानंच जुंपली. म्हणला, अक्का, दोन मिनिटं थांब, खीळ पाहून घेतो. म्या म्हणलं, मरू दे तुझी खीळ, जल्दी हाण. खडकाळीत गेल्तो आम्ही, अन् चाक निसटलं. म्या खाली अन् गाडी माझ्यावर. हाड बसवलं एकानं, पर ते तिरपंच बसलं. तवापासून म्या चाकावर बसत न्हाई. हाडूक दुखतंय म्हणून न्हाई, खोटं कशाला बोलू, भ्या वाटतं."

"मग मिस्त्रींचा काय दोष?"

"तेच तर म्हणते म्या! शंभरदा सांगितलं, लिंब्या, तू पाहत होतास, म्याच पाहू दिलं न्हाई. तर म्हणतो, तरी बी पाहायला पाह्यजे होतं. दर आईतवारी चार कोस चालत यायचा, अन् दारात उभा राहून इचारायचा, अक्का, येती का? म्या न्हाई म्हणायची. दीड वर्सापासून सकाळच्याला येत न्हाई, उशिरा येतो. म्या समजले, कटाळला. तर हा तिकडं हे करून राह्यला होता."

बाजारात मी किती हसलो होतो, ते सगळं मला आठवलं. मला लाज वाटली, फार लाज वाटली. मला वाटायचं, हा माणूस वेडा आहे. तो गेली सात वर्षं एकच खीळ तपासत होता.

अक्कांची नजर माझ्या तांब्यावर आणि ओल्या धोतरावर गेली आणि त्यांनी अचानक विचारलं, "मास्तर, पाणी सांडतंय का हो? खरं सांगा."

खोटं बोलावंसं वाटलं, पण त्या नजरेपुढं जमेना. "चूळभर सांडतं, अक्का."

"चूळभर चालंल," अक्का म्हणाल्या आणि काठी टेकत फटफटीपाशी गेल्या. मी आधार दिला. त्या पाटावर पाय ठेवून आसनावर बसल्या, दांडी धरली. त्यांच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. "मास्तर, तुम्ही धरता तसा तांब्या द्या मला बी."

मी तांब्या भरून दिला. पण फटफटी काही हलेना. मिस्त्री मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते. खीळ हलवत होते, नट चाचपत होते, उठत होते आणि परत बसत होते. त्यांच्या कपाळावर माघाच्या थंडीत घाम होता. मला कळेना, आता यांना उठवायचं कसं.

"लिंब्या," अक्का वरून म्हणाल्या, "म्या पाह्यली खीळ. चल."

मिस्त्रींनी वर पाहिलं. मग उठले, पाना खिशात टाकला आणि फटफटी सुरू केली.

परत येताना मी चालत होतो, कारण सव्वा मणाची जागा आता ज्याची त्याला गेली होती. फटफटी एवढी हळू चालली होती, की मला दोनदा थांबून तिची वाट बघावी लागली. दर फर्लांगाला मिस्त्री उतरून खीळ पाहत. अक्का दांडी घट्ट धरून समोर बघत. ओढ्यात उतरताना त्यांनी डोळे मिटले. मी मागून पाहत होतो, तांब्यातलं पाणी उसळून त्यांच्या मांडीवर पडलं. पुढच्या खळग्यात आणखी पडलं. परतुरात शिरताना फाटकापाशी रूळ ओलांडले, तिथं बसलेल्या धक्क्यानं होतं नव्हतं तेवढं सगळं गेलं. त्यांनी एकदाही हूं केलं नाही.

बाजारपेठेतून आम्ही गेलो तेव्हा दुकानदार दारात येऊन उभे होते. पाटावर पाय ठेवून, मोकळ्या कपाळाची, पांढऱ्या केसांची अक्का बसलेली पाहून ते एकेक करून गप्प झाले.

अंगणात फटफटी थांबली. मिस्त्री उतरले आणि त्यांनी आधी तांब्यात पाहिलं. तांब्या रिकामा होता.

"सांडलं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना.

"सांडलं कुठलं? पेले की म्या!" अक्का म्हणाल्या. "चार कोस येऊन राह्यले, तहान लागणार न्हाई व्हय माणसाला?"

अंगावर काटा आणणारा वारा सुटला होता. अक्कांचं लुगडं मांडीपासून घोट्यापर्यंत भिजून पायाला चिकटलं होतं आणि त्याच्या काठावरून पाणी पाटावर टपकत होतं. मला दिसत होतं. मिस्त्रींना दिसलं नसेल, हे शक्यच नव्हतं. गादीतली एक सरकी ज्याला बसल्या बसल्या कळली, तो माणूस हाताच्या अंतरावर उभा राहून त्या लुगड्याकडं बघत होता. आता तो काय म्हणतो, याची मी वाट पाहत होतो.

"बराबर हाय," मिस्त्री म्हणाले. "तहान लागतीच."

आम्ही दोघांनी मिळून अक्कांना खाली उतरवलं. मी आतून खुर्ची आणली. मिस्त्रींचा हात सवयीनं खुर्चीकडं गेला, पण तोवर अक्का बसल्यासुद्धा होत्या. मग तांब्या भरून आणतो म्हणून ते आत गेले. रांजण दाराशीच होता, तरी त्यांना यायला फार वेळ लागला. अक्का दाराकडं बघत बसल्या होत्या, मी फटफटीकडं. आतून भांड्यांचा आवाज आला, तेव्हा मी डोकावून पाहिलं. मिस्त्री चुलीपाशी पाठमोरे बसून ती दुसरी, कोरी पितळी राखेनं घासत होते.